खाड्यांचा हिशेब

लालबागच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आणि खोल्या रिकाम्या करायची वेळ आली, तेव्हा आतेभावाने माझ्या हातात एक वही ठेवली. उभी, अरुंद, लाल कापडी बांधणीची. वाण्याच्या गल्ल्याशेजारी उधारीसाठी असते तसली. "मामांचं पान आहे आत," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पितळी डबे बांधायला वळला.

प्रत्येक पानावर एक नाव. नावाखाली महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीचे दोन ठिपके. एक सकाळच्या जेवणाचा, एक रात्रीचा. मधेच कुठे ठिपक्याच्या जागी फुली. आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. तिला याहून जास्त लिपीची गरज पडली नाही. ठिपका म्हणजे जेवला. फुली म्हणजे खाडा.

खानावळीत जेवलेल्या माणसाला खाडा समजावून सांगावा लागत नाही. महिन्याचे पैसे ठरलेले असतात. ज्या वेळेला तुम्ही आला नाहीत ती वेळ खाडा, आणि महिनाअखेरीस खाड्यांचे पैसे वजा. हिशेबाची साधी रीत. पण ही वही पिशवीत टाकून मी मुंबईत खात हिंडले, लालबागहून धोबीतलावला, माटुंग्याहून दादरला, तेव्हा प्रत्येक टेबलाशी मला एकच प्रश्न पडत गेला. आज मी आले नसते, तर इथे कुणाला कळलं असतं का?

चूल गावाला राहिली

मुंबईच्या खाण्याची कौतुकं आपण चवीपासून सुरू करतो. खरं तर ती चुलीपासून सुरू करायला हवीत. म्हणजे चूल नसण्यापासून. कावसजी दावर यांनी 1854 साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला शहरातली पहिली गिरणी धडधडू लागली. पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत धुरांडी उभी राहिली. त्यांच्यासाठी रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून जे आले ते पुरुष आले. बायको, शेत, म्हातारी आई आणि चूल गावाला राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना पाहिल्या तर या शहरात हजार पुरुषांमागे बायका निम्म्याच्या आसपास दिसतात. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपणारे. वळकटी एकाची उठली की दुसऱ्याची पसरायची. अशा खोलीत स्वयंपाक कोण करणार आणि कुठे?

ज्या थोड्या घरांत बाई होती, त्या घरांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं. माझी आत्या त्यांतली. म्हणजे वडिलांची चुलतबहीण. तिचा नवरा साच्यावर होता. एकाच्या पगारात भागेना, म्हणून तिने गावचे दोन पोरगे जेवायला ठेवले. दोनाचे सहा झाले, सहाचे बावीस.

दहा बाय बाराची खोली. मोरी धरून. पहाटे चारला नळ यायचा, तेव्हा पिंपं भरायची. दोन स्टोव्ह, एक शेगडी, एक काठवट. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वांगं-बटाटा, सुक्या जवळ्याची चटणी. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासे. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, दुसरी मध्यरात्री, आणि रात्रपाळीवाले सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी यायचे. जमिनीवर एका वेळी सहा ताटं मावत. सातवा गॅलरीत उभा राहायचा आणि आत बसलेल्यांच्या भाकऱ्या मोजायचा. भात शेवटी वाढायची, कारण भाताने पोट भरतं हे तिला ठाऊक होतं, आणि तिने ते ओळखलंय हे जेवणाऱ्यांनाही. कुणी आजारी असला तर पेज वेगळी काढलेली असे. तिचा हिशेब वहीत नाही.

हे सगळं आठवताना जीव मऊ होतो, पण एक गोष्ट वहीतच दिसते आणि ती झाकून चालणार नाही. बावीसच्या बावीस नावं संगमेश्वराकडच्या चार गावांतली आहेत, आणि आडनावं पाहिली तर एकाच जातीची. घाटावरच्यांच्या खानावळी वेगळ्या, कोकणातल्यांच्या वेगळ्या, आणि त्यांच्या पोटात पुन्हा जातीजातींच्या वेगळ्या. नियमाची पाटी कुठेच नव्हती, कारण तिची गरज नव्हती. ज्या पंगतीत आपल्या माणसाची फुली पडायची, त्या पंगतीच्या दाराला उंबरठाही होता.

शिवाय ही माया उधारीवर चालायची. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा. तोवर तांदूळ वाण्याकडून उधार, वाण्याने हात आखडला की सावकार, सावकाराकडे मंगळसूत्र. 1974 च्या सुरुवातीला गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. खानावळवाल्यांनी संपकऱ्यांना जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं. गिरणीतल्या पुरुषाला युनियन आहे, पण त्याला जेवू घालणारी बाई कामगारांत धरलीच जात नाही, हे त्यांनी ओळखलं. 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं ते यातून. तारण म्हणून दाखवायला काहीच नसलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून देणं हे मंडळाचं पहिलं मोठं काम. परातीएवढ्या जागेत चाललेला हा व्यवसाय तेव्हा कुठे कागदावर आला.

पानी कम, चौकशी त्याहून कम

वडील पगाराच्या दिवशी मात्र आत्याकडे उशिरा जात. आधी इराण्याकडे. पन्नाशी उलटल्यावर एकदा त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं होतं. "तिथे कुणी विचारत नाही, कुठल्या वाडीतला म्हणून."

इराणचा यज्द आणि करमान परगणा सोडून आलेले झरथुष्ट्री, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेले इराणी मुसलमान, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत चहाची दुकानं थाटली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांकडून वारा येतो आणि दोन्ही रस्त्यांकडून गिऱ्हाईक. धोबीतलावची कयानी 1904 सालची. मी तिथे सकाळी साडेआठला गेले. संगमरवरी माथ्याची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या. ब्रून मस्का मागवला. ब्रूनचं कवच इतकं कडक, की चहात बुडवल्याशिवाय दातांशी तह करत नाही. बुडवला की मस्क्याचे पिवळे थेंब चहावर तरंगतात, आणि शेवटचा घोट खारट-गोड लागतो. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ एका 'पानी कम'वर पुरं वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना कुणी उठवलं नाही. मलाही नाही.

इराण्याकडे नियमच नव्हते असं मात्र नाही. केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, कॅशियरशी वाद घालू नका. या पाट्या इतक्या प्रसिद्ध, की निस्सीम इझिकेल यांनी तसल्याच एका पाटीवरून इंग्रजीत कविता केली. पण पाटी तुमच्या वागण्याबद्दल बोले. तुम्ही कुठले, कुणाचे, याबद्दल नाही. बायकांसाठी पडद्याआड 'फॅमिली रूम' असायची. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी पहिल्यांदा बाहेरच्या टेबलावर बसलो, तेव्हा वेटर दोनदा येऊन आत जागा आहे असं सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तो चहा घेऊन.

गावकीतून सुटका ही मुंबईने दिलेली मोठी देणगी, आणि ती संगमरवरी टेबलावर, बशीसकट मिळे. फक्त तिची दुसरी बाजूही आहे. वडील 1982 नंतर त्या इराण्याकडे गेले नाहीत. इराण्याला ते कळलंही नसणार.

धोबीतलावलाच, कयानीपासून फार लांब नाही अशा गल्ल्यांत, गोव्याचे कूड आहेत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी घेतलेली मुंबईतली जागा. बोटीवर खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री म्हणून जाणाऱ्या गोंयकारांची पेटी तिथे राहायची. बोट मिळेपर्यंत माणूसही. भाडं नाममात्र, पण संध्याकाळच्या रोझरीला वेदीपुढे हजर राहायचं हा दंडक. ज्या गोव्याने मुंबईला पाव भाजायला शिकवलं, त्या गोव्याच्या माणसांनी इथेही हजेरीची सोय करूनच ठेवली होती.

माटुंग्याचं पान

माटुंगा मध्य रेल्वेच्या स्टेशनाबाहेर पडलं की केळीची पानं, जास्वंदी आणि फिल्टर कॉफीचा वास एकदमच येतो. दक्षिणेकडून आलेले कारकून, टंकलेखक, हिशेबनीस या भागात वसले. त्यांनाही चूल नव्हती, पण त्यांची अडचण वेगळी होती. त्यांना भाकरी नको होती. रसम-भात हवा होता, आणि तोही सोवळ्यात शिजलेला.

ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये इथे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. नावातला 'बोर्डिंग' हा शब्द नीट वाचायला हवा. हे हॉटेल नव्हतं. महिन्याच्या जेवणावर एकट्या माणसांना सांभाळणारी ती जागा होती. म्हणजे खानावळच, फक्त लिपी वेगळी. आज तिथे कूपन घ्यायचं आणि नंबर लागेपर्यंत बसायचं. आत गेलं की पान पुढ्यात येतं. डावीकडे लोणचं, मग भाजी, कोशिंबीर, पोळी. पोळी संपली की भात, त्यावर सांबार, मग पुन्हा भात आणि रसम, शेवटी ताक. वाढपी तुमच्याकडे पाहत नाही, पानाकडे पाहतो. पानावरची रिकामी जागा त्याला दिसते, तुमचं तोंड दिसत नाही. कुणी दागिन्यांनी मढलेलं असो की घामाने भिजलेलं, भाताचा डोंगर तेवढाच. मी तिसऱ्यांदा रसम मागितलं तेव्हा ते मागायच्या आतच आलं होतं.

आता हे वाढणारे हात बघा. उडुपी हॉटेलांत कामाला येणारी मुलं दक्षिण कन्नडातून, तुळू बोलत, अनेकदा मिसरूड फुटायच्या आत आली. दिवसा कपबशा विसळायच्या, रात्री हॉटेल बंद झालं की त्याच बाकांवर किंवा फरशीवर झोपायचं. त्यांच्यासाठी मुंबईत कन्नड रात्रशाळा निघाल्या. हॉटेलातला पोऱ्या रात्रशाळेतून शिकून बँकेत किंवा कोर्टात गेला, किंवा स्वतःच्या हॉटेलाच्या गल्ल्यावर बसला, अशा हकिकती त्या समाजात घरोघरी आहेत. जेवायला येणारा एकटा होता तसा वाढणाराही एकटाच होता. वाढणाऱ्याची हजेरी शाळेच्या पटावर लागत होती, एवढाच फरक.

उभ्या उभ्या

खानावळीला खोली लागते, इराण्याला कोपरा लागतो, बोर्डिंगला पंगत लागते. वडापावाला काहीच लागत नाही. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी 1966 च्या सुमारास बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, अशी त्याची जन्मकथा सांगतात. वडा होता, पाव होता. दोघांची गाठ घालून देणारी गोष्ट होती लोकलचं वेळापत्रक. 8.12 आणि 8.19 च्या मधे बसायला वेळ नसतो.

जून 1966 मध्येच शिवसेना स्थापन झाली. पुढच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्धच्या आंदोलनात उडुप्यांच्या काचा फुटल्या आणि मराठी पोराने गाडी लावावी म्हणून वडापावाला पक्षाची पाठराखण मिळाली. ज्या इडलीने मराठी कारकुनाची सकाळ सोपी केली, तिच्यावर दगड पडला. आणि दगड मारून आलेल्याला भूक लागली तेव्हा जवळ जे उघडं होतं तिथे तो खाऊन गेला असणार. शहराची जीभ राजकारणापेक्षा लवकर विसरते.

कीर्ती कॉलेजच्या गल्लीत गाडीशी उभी होते. कढईत पिठाचे सांडलेले थेंब तळून निघतात, त्याचा चुरा पावात भरून मिळतो. माणसं येतात, नोट किंवा मोबाइल पुढे करतात, चार घासांत संपवतात, कागद चुरगाळतात, जातात. 1982 चा गिरणी संप फसल्यावर गिरणगावातल्या कितीतरी घरांनी अशाच गाड्यांवर पोरं वाढवली. साच्यावरच्या माणसाने झारा हातात घेतला. त्याच्या गिऱ्हाइकांचा हिशेब रोख होता, म्हणून वही नव्हती. वही नव्हती, म्हणून खाडाही नव्हता.

जेवल्याचा पुरावा

एकट्या माणसाच्या ताटात सरकारनेही हात घातला. 1995 साली राज्यात आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. केंद्रांसाठी मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या, पुढे भाकरी गेली आणि जागा राहिल्या. मग 26 जानेवारी 2020 रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण, सगळं ग्रॅममध्ये ठरवलेलं. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, थाळी आधी पाच रुपये आणि पुढे काही काळ फुकट झाली, आणि शहरात अडकलेल्या कितीतरी जणांना तिचा आधार वाटला. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण तिथे ताट हातात पडण्याआधी ॲपवर नाव लिहून फोटो काढत. अनुदान गळू नये म्हणून. आत्याच्या वहीशी मी ते ताडून पाहिलं. फोटो काढायचा तो तुम्ही जेवलात हे सिद्ध करायला. आत्या फुली मारायची ती तुम्ही जेवला नाहीत हे लक्षात ठेवायला.

लोअर परळला आता गिरणीच्या जागी काचेच्या इमारती आहेत. दुपारी एकच्या सुमाराला त्यांच्या फाटकाशी पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली पोरं थांबलेली असतात. आत बसलेल्यांना जेवण पोचवणारी. ज्या स्वयंपाकघरातून ती पार्सलं येतात तिथे टेबल नाही, पाटी नाही, बसायची सोय नाही. ऑर्डर देणाऱ्याचा मजला, फ्लॅट, आवडनिवड सगळं ॲपला ठाऊक. चार दिवस त्याने काही मागवलं नाही तर सवलतीचा संदेश येतो. तोही एक प्रकारे खाडाच म्हणायचा. फक्त पैसे वजा होत नाहीत, मागितले जातात.

ती पोरं स्वतः कुठे जेवतात ते पाहायला मी त्यांच्यातल्या दोघांच्या मागे गेले. मागच्या गल्लीत एक पोळी-भाजी केंद्र निघालं. लोखंडी जाळीआड एक बाई तीन-तीन पोळ्यांच्या चवडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. दोघांनी उसळ-पोळी घेतली आणि स्कूटरच्या सीटवर कागद पसरून जेवले. एक बीडचा होता, एक उत्तर प्रदेशातला. बाईने मोबाइलवर पैसे आल्याचा आवाज ऐकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मग मान न वळवताच बीडच्या पोराला म्हणाली, "काल कुठं होतास रे?" पंक्चर झाली होती, तो म्हणाला. तिने मान हलवली. इतकंच.

फुल्या

आता वडिलांचं पान. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या दिवशी वडिलांच्या नावापुढे दोन ठिपके आहेत. 19 ला दोन. फेब्रुवारी भरलेला, मार्च भरलेला. पगार थांबला होता तरी ठिपके थांबले नव्हते. पानाच्या तळाशी महिन्याची बाकी, तिच्याखाली मागची बाकी, आणि ती रक्कम वाढत गेलेली. एप्रिलच्या मध्यात वडील गावाला निघून आले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्यांची ट्रंक खळ्यात उतरलेली मला आठवते. दोन वर्षांनी ते परत गेले ते ठाण्याला, वॉचमन म्हणून. संप कधी मागे घेतलाच गेला नाही आणि गिरणीही पुन्हा उभी राहिली नाही.

पुढची कित्येक वर्षं आम्ही लालबागला कधी गेलो नाही. राजाचं दर्शन घ्यायलाही नाही. वडील भायखळ्याला उतरत आणि लांबून जात. आईने एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "हिशेब राहिलाय." ते गेले, पाठोपाठ आत्या गेली. तिने पैसे कधी मागितले नाहीत, आणि त्यांनी कधी नेऊन दिले नाहीत.

खानावळीत माणूस गेला की खातं बंद करतात. नावावर आडवी रेघ ओढतात आणि त्याची जागा पुढच्याला देतात. वहीत अशा रेघा पुष्कळ आहेत. त्या वर्षी तर पानामागून पान रेघांचंच आहे. वडिलांच्या पानावर रेघ नाही. एप्रिलच्या मध्यापासून फुल्या आहेत. रोज दोन. मे महिनाभर, जून, जुलै, पेन्सिल बदलली आहे, टोक कधी बोथट झालं आहे, पण तारीख चुकलेली नाही. गणपतीपर्यंत फुल्या आहेत. त्यापुढे वहीच संपते.

त्या फुल्या मी मोजल्या. खाड्यांचे पैसे वजा करायचे, या रीतीने त्या महिन्यांचं आम्ही काहीच देणं लागत नाही.